गळ्याइतकं गरम पाणी

माझ्या थोरल्या दिरांचा गरम पाण्यावर जेवढा विश्वास आहे, तेवढा या आख्ख्या युरोपात कुणाचाही कशावरही नसेल. लोक शेअर बाजारावर विश्वास ठेवतात, इथले डच लोक हवामानाच्या अंदाजावर ठेवतात आणि रोज भिजतात; आमचे भाऊजी फक्त गरम पाण्यावर ठेवतात. सर्दी झाली, गरम पाणी. पाठ धरली, गरम पाणी. ॲमस्टरडॅममधल्या स्लोटरडाइक भागातल्या ऑफिसात माझ्या हातातला प्रोजेक्ट काढून दुसऱ्याला दिला, म्हणून मी एकदा त्यांच्यासमोर रडायला लागले, तर त्यांनी माझी समजूतबिमजूत काढली नाही. ते उठून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि बाहेर येऊन म्हणाले, "आधी आंघोळ कर, मग रड." मी चिडून आंघोळीला गेले आणि रडायचं राहून गेलं. याचा मला आजही राग येतो.

भाऊजी राहतात एनस्खेडेला, म्हणजे जर्मनीच्या कुंपणाला टेकून, आणि आम्ही रायस्वाइकला, समुद्राच्या बाजूला. मध्ये जवळजवळ सगळा नेदरलँड्स पसरलेला आहे, पण देशच इतका आटोपशीर की सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला दारात उभा राहू शकतो, आणि भाऊजी एकाआड एक शनिवारी तसे उभे राहतात. तिथल्या विद्यापीठात ते पाणी गाळण्याच्या पडद्यांवर संशोधन करतात. लग्न केलेलं नाही. एकदा नागपुरात मुलगी बघायला गेले होते, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, की तुम्हाला आंघोळीला पाणी किती लागतं. मुलीच्या वडिलांनी तिथल्या तिथे हात जोडले. मी लग्न करून या देशात आले त्या पहिल्याच आठवड्यात हे गृहस्थ लाल प्लास्टिकची बादली आणि तसलाच मग घेऊन हजर झाले. ट्रेनमध्ये तिकीट तपासनिसानं बादलीत काय आहे म्हणून विचारलं, तर रिकामी आहे एवढं सांगून भागलं असतं. पण यांनी त्याला शॉवर ही कशी अपुरी व्यवस्था आहे हे समजावून सांगितलं. शॉवरचं पाणी अंगावरून पळून जातं, म्हणे. आंघोळीचं पाणी आपल्यापाशी थांबायला हवं. तेव्हापासून आमच्या ओळखीत कुणीही नवीन जोडपं भारतातून आलं की त्यांच्या घरी बादली पोचते. गेमेंटेचं, म्हणजे पालिकेचं नोंदणीपत्र त्यानंतर येतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात स्वयंपाकघरातला थर्मामीटर असतो. चहात, सुपात, वरणात, तान्ह्या बाळांच्या टबात ते तो बुडवतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात. खोटं किंवा अर्धवट त्यांना सहन होत नाही. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण चालू असताना मागच्या रांगेतून हात वर होतो तो यांचाच, आणि पाहुण्यांनी सांगितलेलं साल चुकलं आहे हे सगळ्या सभागृहाला कळतं. मी घरी आलेल्यांना सहज म्हटलं, की भाजी आजच केली आहे, तर हे शेजारून सांगणार, की काल केली आहे, काल मी फोन केला तेव्हा ती चिरत होती. हाउसआर्ट्सशी, म्हणजे इथल्या डॉक्टरीणबाईंशी त्यांचं कायमचं भांडण आहे. बाई कुठल्याही दुखण्यावर पॅरासिटामॉल सांगतात आणि हे कुठल्याही दुखण्यावर गरम पाणी, त्यामुळे दोघांचंही एकाच औषधावर चालतं हे दोघांनाही मान्य नाही. हिवाळ्यात काही उत्साही डच मंडळी कालव्याच्या बर्फाळ पाण्यात उतरतात. भाऊजी थर्मास घेऊन काठावर उभे राहतात आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कप देतात, चेहरा असा, की जणू घरातलंच कुणीतरी बुडता बुडता वाचलं.

हा सगळा वेडेपणा आला कुठून, ते मला सासूबाईंनी सांगितलं. त्या दर उन्हाळ्यात नागपूरहून यायच्या आणि त्यांच्या सांध्यांनी मात्र हा देश एक दिवससुद्धा आपला मानला नाही. बोटं वाकडी झाली होती, गुडघे सुजायचे. त्यांच्या माहेराजवळ डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचं कुंड आहे. दुखण्याखुपण्याची माणसं लांबून तिथे यायची, अजूनही येतात. सासूबाईंच्या आईचे सांधेही असेच धरलेले, म्हणून ती लेकीला घेऊन बैलगाडीच्या मागून चालत जायची. पण कुंडात उतरायची त्यांना सोय नव्हती. कुंडाचं पाणी जिथून बाहेर पडून शेताकडे जायचं, त्या चरात आमच्या लोकांनी बसायचं. वरती कुंडात अंग धुऊन झालेल्यांचं पाणी खाली यायचं, आणि येईस्तोवर कोमट झालेलं असायचं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, हे सांगताना रडल्याबिडल्या नाहीत. शेंगा सोलत सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "कोमट पान्यानं काय होते? अंगाले वाटते आता शेकन, आन् शेकत नाई." भाऊजींनी हे लहानपणी ऐकलं आणि ते त्यांच्या डोक्यात असं बसलं, की माणूस शिकला, परदेशी गेला, पाण्याचा शास्त्रज्ञ झाला, तरी आईला एकदा गळ्याइतक्या गरम पाण्यात, सगळ्या बायांच्या बरोबरीनं बसवायचं, हे सोडून त्याला आयुष्यात दुसरं काही करायचंच नव्हतं.

त्यांनी जपान निवडलं. माहेरच्या कुंडावर नेऊ या, आता कोण अडवतं, असं माझा नवरा म्हणाला, तर भाऊजी म्हणाले, की त्या पायऱ्यांवर मी आईला मिरवायला नेणार नाही. जपानमधल्या डोंगरांत शेकडो वर्षं जुनी अशी गरम पाण्याची गावं आहेत, आणि बुद्धाला मानणारा देश. तिथे सगळे एकाच कुंडात कपडे काढून बसतात. "नागड्या माणसाची जात कोण ओळखणार?" असं ते आम्हाला परत परत ऐकवायचे. त्या वर्षी आईंचा परतीचा प्रवास त्यांनी टोकियोमार्गे ठरवला. ॲमस्टरडॅमहून नागपूरला जायला जपान वाटेत लागतं, हे त्यांनी आम्हाला नकाशावर बोट ठेवून पटवलं. बायकांचं कुंड वेगळं असल्यामुळे आईंसोबत आत जायला बाई हवी, म्हणून मी. नवरा मुलीला घेऊन घरी राहिला.

निघण्याआधी आमच्या हॉलमध्ये तालमी झाल्या. भाऊजींनी ठेंगणं स्टूल आणलं. त्यावर आधी बसायचं, साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात पाय ठेवायचा. टॉवेल पाण्याला लावायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. आई नऊवारीत त्या स्टुलावर बसल्या, डोक्यावर टॉवेलची घडी, आणि आमची मुलगी डचमध्ये त्यांना सूचना देत होती आणि आई मराठीत त्या पाळत होत्या. मग भाऊजींनी नियम वाचून दाखवले. पोहायचं नाही, पळायचं नाही, दारू पिऊन यायचं नाही, टॅटू चालत नाही. टॅटूपाशी त्यांनी खुलासा केला, की तिथे गुंडांच्या टोळ्या अंगभर टॅटू काढतात, म्हणून हा नियम. नवरा म्हणाला, "आई, तुझी टोळी आली की आधीच सांग." आई पदर तोंडाला लावून हसल्या. आम्ही सगळेच हसलो.

गाव अरुंद दरीत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळपट लाकडाची जुनी घरं, गटारांच्या झाकणांतून वाफ येत होती, आणि सगळ्या हवेला उकडलेल्या अंड्यांचा वास. छपरांवर धुकं उतरलं होतं. माणसं सुती झगे घालून, पायात लाकडी खडावा अडकवून एका कुंडावरून दुसऱ्या कुंडावर चालली होती, म्हातारीकोतारी जास्त. आईंना ते फार आवडलं. आपल्यासारख्याच वाकलेल्या बाया बघून त्या प्रत्येकीला हात जोडायच्या आणि ती प्रत्येक बाई कमरेत वाकायची. भाऊजी वाफ दिसली की थांबायचे. थर्मामीटर त्यांनी खिशातून काढला नाही, हे माझ्या लक्षात आलं. गावातल्या सगळ्यात जुन्या स्नानगृहाच्या दारात दोन पडदे होते, एक बायकांचा, एक पुरुषांचा. भाऊजींनी आईंच्या पायांना हात लावला. आईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला, आणि ते त्यांच्या पडद्यातून आत गेले, आम्ही आमच्या.

आत कपडे ठेवायला वेताच्या टोपल्या होत्या. काचेच्या दारापलीकडे वाफेत पाच-सहा बायका गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या दिसत होत्या. आईंनी लुगडं सोडलं, घडी केली आणि चोळी काढून टोपलीत ठेवली. तिथे देखरेखीला असलेली बाई टॉवेल द्यायला आली आणि थबकली. ती आईंच्या हातांकडे बघत होती. आईंच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं होतं: ठिपक्यांच्या ओळी, विंचू, फुलं, लहानपणी गेलेल्या भावाचं नाव. कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, पोटऱ्यांवरही वेलबुट्टी. आठ-दहा वर्षांच्या असताना त्यांच्या आईनं मांडीवर धरून गोंदवून घेतलेलं. इतकी वर्षं मी ते हात बघत होते. त्याच हातांनी वाढलेलं जेवत होते. नियम वाचताना आम्ही घरची एवढी शिकलेली माणसं समोरासमोर बसलो होतो, आणि गोंदण म्हणजेच टॅटू, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. टॅटू परक्यांच्या अंगावर असतो. गोंदण आईंच्या अंगावरच्या सुरकुत्यांसारखं होतं.

त्या बाईनं छातीपुढे दोन्ही हात तिरके धरून फुली केली. मग लगेच खाली वाकली, पुन्हा वाकली. तिला वाईट वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी खुणांनी सांगितलं, की आमच्याकडे म्हाताऱ्या बायांच्या अंगावर हे असतंच. तिनं अंगाच्या रंगाच्या चिकटपट्ट्या आणल्या, आईंच्या हाताला लावून बघितल्या, आणि एवढं झाकायला त्या किती लागतील ते आम्हा तिघींनाही दिसलं. शेवटी तिनं फोन काढला, त्यात काहीतरी बोलली आणि फोन आमच्यापुढे धरला. फोन स्वच्छ मराठीत म्हणाला, "आपल्यासाठी वेगळ्या पाण्याची व्यवस्था आहे."

आई उघड्या अंगानं उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चोळी उचलली, घातली, गाठ मारायला बोटं चालेनात तेव्हा मी मारली. मग त्या सावकाश सगळं लुगडं नेसल्या, निऱ्या नीट काढून, आणि आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो.

त्या बाईला मी दोष देणार नाही. तिला आमच्या कुंडाचं काय माहीत असणार? खाजगी कुंडाची ती खोली तिनं आम्हाला उघडून दाखवली. दगडाचं सुंदर कुंड, खिडकीतून डोंगर. लोक ती हौसेनं घेतात. तिनं आईंसाठी गरम चहा आणला, गुडघ्यांवर पांघरूण घातलं. इतकं अदबीनं आमच्या माणसांना कुणी कधी अडवलं नसेल.

थोड्या वेळानं भाऊजी पडद्यातून बाहेर आले. लाल झालेला चेहरा, ओले केस, आणि मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं, लहान मुलासारखे हसत होते. ते गळ्याइतक्या पाण्यात बसून आले होते. आईचे केस कोरडे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते चालता चालता थांबले. मी सांगितलं. एका वाक्यात सांगून झालं. त्यांनी आईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेपालटे करून बघितले, जणू आजच कुणीतरी गोंदले असावेत.

"माय म्हणे, मेल्यावर एवढाच दागिना संगं येते," आई म्हणाल्या. "तिले काय मालूम मी जपानले येईन म्हणून." मग त्यांनी त्या खाजगी खोलीकडे मान वळवली आणि हळूच विचारलं, "बाबू, पानी तं तेच हाये ना?"

भाऊजी म्हणाले, "पाणी तेव्हापण तेच होतं, आई."

मला संताप आला. आईंचे गुडघे त्या बाकावरसुद्धा वाकत नव्हते, आणि उंबऱ्यापलीकडे वाफाळतं कुंड भरलेलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, तत्त्व तुमचं आहे, गुडघे त्यांचे आहेत." लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच बोलले. ते आईंकडे बघत होते, आणि एक शब्द आईंनी टाकला असता तर त्यांनी त्यांना उचलून त्या खोलीत नेलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आईंनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. "राहू दे मंग," त्या म्हणाल्या. "मले तशीबी आज थंडी नाई वाजत." आम्ही उताराच्या रस्त्यानं परत निघालो. ती बाई दारात वाकून उभी होती. आईंनी मागे वळून तिला हात जोडले.

भाऊजी नंतर तिथल्या कुठल्याच पाण्यात उतरले नाहीत. आईंना नागपूरला पोचवून परत आले आणि लगेच नवीन गावं शोधायला लागले, जिथे हा नियम नाही. अशी गावं आहेत. एक त्यांना सापडलंही. उत्तरेकडे, आणखी उंचावर. शनिवारी आले, की त्याबद्दल बोलायचे, आईंना फोन लावून पुढच्या वर्षी तिकडे जायचं आहे म्हणून सांगायचे. आई म्हणायच्या, येते ना. माझ्याशी बोलताना त्या गुडघ्यांचं नाव काढायच्या नाहीत, यावरून ते किती दुखत असतील याचा मला अंदाज यायचा. पुढचं वर्ष आलं नाही. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी त्या झोपेतून उठल्याच नाहीत. दोघे भाऊ मिळेल त्या विमानानं गेले. मुलीची शाळा होती, म्हणून मी मागे राहिले, आणि त्या दिवसांत घरात मराठी बोलायला कुणी नव्हतं.

परत आल्यावर भाऊजी शनिवारी आले. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. ते समोर बसले आणि एकेक पान तोडायला लागले. जुडी अर्धी झाली तेव्हा वस्तीतल्या बायांचं सांगायला लागले. आईंना शेवटची आंघोळ घालायला गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या होत्या. पाणी घालता घालता त्यांच्यातली एक भाऊजींना म्हणाली, की बाबू, तुझी माय मोठी नशिबाची, पोरानं जपानच्या कुंडात बसवलं. दुसरी म्हणाली, की सगळ्या बायांच्या मधात बसवलं, एका पाण्यात. आई घरोघरी सांगत फिरल्या होत्या. पाणी कसं होतं, वाफ किती होती, शेजारी बसलेल्या म्हातारीनं यांच्या हातावरचे ठिपके बोटानं मोजून बघितले आणि कसं हसली, सगळं. त्या बायांना ते पाठ झालं होतं. आईंना पाणी घालताना त्या एकमेकींना सांगत होत्या.

"मला विचारलं त्यांनी," भाऊजी म्हणाले. "पाणी खरंच गळ्यापर्यंत होतं का, म्हणून."

मी मेथी निवडायची थांबले.

"मी हो म्हणालो."

बाहेर शेजाऱ्याची सायकल भिंतीला लागल्याचा आवाज झाला. भाऊजी हातातल्या काडीकडे बघत होते. 'तुझं बरोबर होतं' असं ते मला म्हणतील याची मी त्या बाकापासून वाट बघत होते. आता ते म्हणू नयेत, एवढंच वाटत होतं. ते म्हणाले नाहीत.

"आणि तुझंही सांगितलं आईनं," त्यांनी मान वर केली. "सुनेनं मागे बसून पाठ चोळून दिली, म्हणे."

मी आईंची पाठ कधीच चोळली नव्हती. ना तिथे, ना इथे.

"हो," मी म्हणाले, "बराच वेळ."